वेबर केटल, चिमनी आणि अर्धी रिकामी जाळी

आधी निकाल सांगून टाकतो. मागच्या अंगणात कोळशावर भाजायचं असेल तर वेबर कंपनीची २२ इंची केटल ग्रिल, म्हणजे गोल भांड्याची झाकणवाली ग्रिल घ्या आणि त्याच खेपेला चिमनी स्टार्टर, म्हणजे कोळसे पेटवायचा पत्र्याचा नळाही घ्या. दोन्हींना मिळून पैसे पुरत नसतील तर ग्रिल कुणाची तरी वापरलेली चालेल, चिमनी मात्र चांगली बघून घ्या. इथे उन्हाळ्यात लोक घरं बदलतात तेव्हा बऱ्या स्थितीतल्या केटल कमी भावात निघतात. जाड पत्र्यावर इनॅमलचा मुलामा असल्यामुळे त्या दुसऱ्या घरीही नीट नांदतात.

मी शिकागोच्या वायव्येकडच्या उपनगरात राहतो. गाव मात्र जळगाव जिल्ह्यातलं, म्हणजे भरिताच्या मुलुखातलं. आमच्याकडच्या मोठ्या हिरव्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावी ही वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. इथे स्वयंपाकघरात विजेची शेगडी. ओव्हनमध्ये वांगं मऊ होतं, पण त्याला धुराचा वास लागत नाही, आणि धूर न लागलेलं भरीत आमच्या घरात कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. म्हणून कोळशाकडे वळलो. तेव्हा हा अभिप्राय बर्गर-हॉटडॉगवाल्यांपेक्षा वांगी, कणसं, कोंबडीच्या तंगड्या आणि मासे भाजणाऱ्यांच्या जास्त कामाचा आहे.

ही ग्रिल जन्माला आली ती आमच्याच परिसरात. जॉर्ज स्टीफन हा शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात होता. तिथे लेक मिशिगनच्या पाण्यात तरंगणारे बोये, म्हणजे जहाजांना खूण दाखवणारे धातूचे पोकळ गोळे बनायचे. त्या काळच्या उघड्या ग्रिलवर वाऱ्यापावसात धड काही भाजलं जात नसे. १९५२ मध्ये त्यानं बोयाच्या गोलाचे दोन भाग घेतले, खालच्याला पाय लावले, वरच्याचं झाकण केलं आणि हवेसाठी झरोके ठेवले. आजची केटल बघितली तरी मूळ कल्पना तीच आहे: गोल भांडं, घट्ट झाकण, खाली हवा आत येण्याची वाट आणि वर बाहेर जाण्याची. या ग्रिलची सगळी करामत त्या दोन झरोक्यांत आहे, आणि तुम्ही निखारे कुठे ठेवता त्यात आहे.

आता चिमनी. साडेसात इंच व्यासाचा, फूटभर उंचीचा पत्र्याचा नळा, एका बाजूला मूठ, दुसऱ्या बाजूला तारेची कडी. आत तळापासून थोडी वर शंकूच्या आकाराची तारेची जाळी असते. जाळीच्या वर कोळसे, जाळीच्या खाली कागद. कागद पेटला की गरम हवा वर चढते, तिच्या मागोमाग खालच्या भोकांतून ताजी हवा ओढली जाते, आणि ती कोळशाच्या प्रत्येक फटीतून जाते. फुंकणी नको, पंखा नको, पुठ्ठ्यानं वारा घालणं नको.

कागद कसा घालायचा यावर बरंच अवलंबून आहे. वर्तमानपत्राची दोन पानं घ्यायची, तिरकी पिळून दोरीसारखी करायची आणि तिचं कडं करून शंकूभोवती बसवायचं. मध्ये पोकळी राहिली पाहिजे. कागदाचा गच्च बोळा कोंबला तर हवेची वाट बंद होते आणि नुसता पिवळट धूर निघत राहतो. कागदावर चमचाभर गोडंतेल शिंपडलं तर तो भसकन जळून न जाता सावकाश जळतो, आणि तेवढ्या वेळात खालचा थर पेट घेतो. जाहिरातींचे चकचकीत कागद वापरू नका, ते नीट जळत नाहीत आणि त्यांचे काळे पापुद्रे अन्नावर उडतात. घरात वर्तमानपत्र येत नसेल तर मेणाचे ठोकळे मिळतात. एक ठोकळा पुरतो, वारा असला तरी विझत नाही, आणि त्याचा वास मागे राहत नाही.

चिमनी ठेवायची ती ग्रिलमधल्या खालच्या जाळीवर, तळाचे झरोके पूर्ण उघडून. काँक्रीटच्या फरशीवर ठेवलेली बघतो तेव्हा मला राहवत नाही, कारण त्या धगीनं काँक्रीटचे टवके उडू शकतात. लाकडी डेकवर तर अजिबात ठेवू नये.

पेटवल्यावर पहिली काही मिनिटं दाट पांढरा धूर येतो. तो बघून घाबरू नका आणि कोळसे हलवू नका. मग धूर विरळ होतो आणि खालच्या भोकांतून बघितलं तर तळाचे कोळसे लाल फुललेले दिसतात. कान दिला तर नळ्यात हवा घुमल्याचा आवाज येतो. साधारण पंधरा ते वीस मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडा राखाडी होतात आणि मधल्या फटींतून पिवळ्या ज्वाळा डोकावतात. ओतायची वेळ हीच. सगळे कोळसे पूर्ण पांढरे होईपर्यंत थांबणारे खूप जण आहेत, पण तोवर तळाचा थर अर्धा जळून राख झालेला असतो आणि विकत आणलेली धग फुकट जाते. ओतताना चामड्याचे हातमोजे घाला, मूठ आणि कडी दोन्ही धरा, आणि नळा स्वतःपासून पलीकडे कलंडवा.

पेटवायचं द्रव ओतणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ते सोडा. ते पेट्रोलियमचंच असतं. ते पूर्ण जळून जाईस्तोवर थांबायला कुणाला सवड नसते, आणि मग पनीरपासून पापलेटपर्यंत सगळ्याला तोच वास. पेटत्या कोळशावर ते वरून ओतणं तर सरळ धोक्याचं आहे, ज्वाळा धारेवरून बाटलीकडे येऊ शकते. आधीच द्रवात भिजवलेले, काडी लावली की पेटणारे कोळसेही मिळतात. त्यांचीही कथा तीच, आणि मध्येच चार कोळसे नव्यानं टाकायचे झाले तर वास परत पहिल्यापासून.

सगळ्या चिमन्या सारख्या नसतात हेही सांगायला हवं. एका मोठ्या दुकानातून आणलेली स्वस्तातली चिमनी माझ्याकडे होती. तिच्यात शंकूऐवजी भोकं पाडलेली सपाट थाळी होती, त्यामुळे कागदाला जागा कमी आणि कोळसे एकाच बाजूनं पेटत. तिच्या मुठीचा स्क्रू तापून ढिला व्हायचा. लाल निखाऱ्यांनी भरलेला नळा हातात असताना मूठ हलली की काय वाटतं ते मी सांगायला नको. वेबरच्या रॅपिडफायर चिमनीत आतला शंकू आहे आणि दुसरी कडी आहे, आणि मला या दोन गोष्टींसाठी जास्तीचे पैसे द्यायला काहीच वाटत नाही. दुसऱ्या कुठल्या कंपनीची घेतलीत तरी या दोन गोष्टी बघून घ्या.

निखारे पेटले. आता ते ठेवायचे कुठे?

बहुतेक जण ते सगळ्या जाळीभर सारखे पसरतात. पातळ गोष्टींना ते चालतं: कणसं, कांद्याच्या चकत्या, पापड, कोळंबीच्या सळया. पण हाडासकट कोंबडी तशा निखाऱ्यांवर ठेवली की दह्याचा मसाला बाहेरून करपतो आणि हाडाजवळ मांस कच्चं राहतं. चरबी निखाऱ्यांवर गळते, भडका उडतो, आणि तुकडा सरकवायला कुठेच जागा नसते.

आई इथे आली होती तेव्हा अंगणात खुर्ची टाकून माझं भाजणं बघत बसली होती. मी निखारे एका बाजूला ढकलून तंगड्या रिकाम्या बाजूला मांडल्या, तर ती लगेच म्हणाली, "हां, म्हणजे वैलावर ठेवलंस. बरं केलंस. जाळावर धरलं असतंस तर जळून गेलं असतं रे." चुलीशेजारच्या वैलावर जसं दूध निवांत तापतं, वरणाला हळूहळू उकळी येते, तशीच ही रिकामी बाजू. तिला ग्रिलबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण तिनं एका नजरेत ओळखलं. ज्यांनी चूल बघितली आहे त्यांना हे तंत्र अर्धं येतंच.

तर माझी मांडणी अशी. निखारे अर्ध्या भागात, दोन-तीन थर उंच, कडेला टेकवून. उरलेली अर्धी जाळी साफ रिकामी, तिच्याखाली अॅल्युमिनियमचं पसरट ताट, गळणाऱ्या चरबीसाठी. ताटात थोडं पाणी घातलं की चरबी जळून कडू धूर होत नाही. रॅपिडफायर काठोकाठ भरली तर शंभराच्या आसपास ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या बसतात, आणि २२ इंची ग्रिलला चार-पाच जणांच्या जेवणासाठी तेवढे पुष्कळ झाले. नुसती वांगी आणि कणसं असतील तर अर्धी चिमनी बस्स.

धग मोजायला हात पुरतो. जाळीपासून वीतभर वर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर धग कडक, चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम. झाकणातल्या थर्मामीटरवर विसंबू नका. कुठल्याही ग्रिलच्या झाकणातला काटा घुमटातल्या हवेचं तापमान दाखवतो. जाळीवरचं वेगळं असतं, आणि झाकण फिरवून काटा निखाऱ्यांवर आणला की आकडा आणखी बदलतो. मांसासाठी टोचून बघायचा थर्मामीटर वेगळा घ्या. कोंबडी आतून १६५ अंश फॅरनहाइटला पोचली की झाली.

तंगड्यांचा क्रम मी उलटा ठेवतो. आधी रिकाम्या बाजूला, झाकण लावून अर्धा-पाऊण तास, मधून एकदा जागा बदलून, कारण निखाऱ्यांच्या जवळचा तुकडा पुढे पळतो. मांस जवळजवळ शिजलं की शेवटची दोन-तीन मिनिटं थेट निखाऱ्यांवर, झाकण काढून, चिमट्यानं सतत उलटत. रंग तेव्हाच येतो, कडांना काळे ठिपके तेव्हाच पडतात, आणि आत रस राहतो. भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून अन्नावर बसते. तुकडे रिकाम्या बाजूला सरकवा आणि झाकण लावा. हवा तुटली की भडका आपोआप बसतो.

वांग्याचा क्रम याच्या बरोबर विरुद्ध: आधी जाळ, मग वैल. इथल्या भारतीय दुकानात जांभळी मोठी वांगी मिळतात. हातात घेऊन वजनाला हलकं लागेल ते निवडायचं, त्यात बिया कमी. तेलाचा हात फिरवायचा, सुरीनं दोन-तीन ठिकाणी टोचायचं, नाहीतर वाफ कोंडून फुटतं. जाळी उचलून मी वांगी सरळ निखाऱ्यांवर ठेवतो. त्या दिवशी ब्रिकेट वापरत नाही, निखळ लाकडाचा कोळसा घेतो, कारण अन्न कोळशाला थेट टेकतं. साल तडतडते, काळी पडते, देठाशी रस उकळून बुडबुडे येतात आणि तिथेच वाळून डिंकासारखे चिकटतात. चारी बाजूंनी साल कोळसा झाली की जाळी परत ठेवून वांगी रिकाम्या बाजूला, झाकण लावून आणखी दहा-पंधरा मिनिटं. त्या वेळात आतला गर देठापर्यंत मऊ होतो आणि कोंडलेला धूर आत मुरतो. बाजूला लोखंडी तव्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून घ्यायचे. पुढे मिरची-लसूण ठेचून, गर घोटून, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून फोडणी. कळण्याची भाकरी असेल तर उत्तमच. गावच्या पऱ्हाटीवरच्या भरिताशी बरोबरी होत नाही, कारण वांगंच वेगळं आहे. पण धूर खरा असतो.

झरोक्यांचं गणित सोपं आहे, पण ते कळायला हवं. खालचा झरोका म्हणजे आग वाढवायची-कमी करायची किल्ली. वरचा मी जवळजवळ नेहमी उघडा ठेवतो, नाहीतर धूर आत साचून अन्नाला काजळीची चव येते. झाकण लावताना वरचा झरोका निखाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे बरोबर अन्नाच्या वर आला पाहिजे. मग गरम हवा आणि धूर अन्नावरून फिरूनच बाहेर पडतात. ही एवढी गोष्ट किती जण उलटी करतात! आणि झाकण सारखं उचलू नका. उचललं की निखाऱ्यांना एकदम हवा मिळते, ते भडकतात, आणि जमलेलं तापमान मोडतं. शिकागोच्या नोव्हेंबरातल्या वाऱ्यात ग्रिल भिंतीच्या आडोशाला नेण्याचा मोह होतो, तो आवरा. घरापासून दहा फूट तरी लांब असू द्या, आणि गॅरेजमध्ये, अगदी दार उघडं टाकूनही, कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही.

कोळसा कोणता, यावर लोक वाद घालतात. मला दोन्ही लागतात. ब्रिकेट एकसारख्या आकाराचे, सावकाश आणि अंदाजानुसार जळतात. त्यांची अमेरिकेतली कहाणी मोटारींशी जोडलेली आहे. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीत लाकडाचे भाग असत, आणि मिशिगनमधल्या कारखान्यात उरणाऱ्या लाकडाच्या तुकड्यांपासून फोर्डनं ब्रिकेट बनवायला घेतले. एडवर्ड किंग्सफर्ड या नात्यातल्या माणसानं त्याला तिथली जंगलजमीन मिळवून दिली होती, आणि पुढे किंग्सफर्डचंच नाव या कोळशाला लागलं. निखळ लाकडाचा कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी सोडतो, पण तुकडे लहानमोठे असतात आणि ठिणग्या उडतात. लांब चालणाऱ्या कामाला ब्रिकेट, वांग्याला आणि माशाला लाकडाचा कोळसा, असं मी ठरवून टाकलं आहे.

लांबचं काम म्हणजे अख्खी मटणाची तंगडी. तेव्हा न पेटलेले ब्रिकेट भांड्याच्या कडेनं अर्धगोलात रचायचे, दोन रुंद आणि त्यावर दोन उंच, सापासारखे. चिमनीत फक्त आठ-दहा ब्रिकेट पेटवून एका टोकाला ठेवायचे. आग एकापासून दुसऱ्याला लागत सरकते आणि पाच-सहा तास २२५ ते २५० अंश फॅरनहाइटवर चालत राहते. मध्ये पाण्याचं ताट, वर मांस. झाकण दर अर्ध्या तासानं उघडून बघण्यासारखं त्यात काही नसतं.

जेवण झाल्यावर वरचे-खालचे सगळे झरोके बंद करा. निखारे हवेविना विझतात, आणि उरलेले अर्धे कोळसे पुढच्या वेळी चिमनीत वरच्या बाजूला टाकता येतात. राख दुसऱ्या दिवशीही आतून गरम असू शकते. दोन दिवस थांबा आणि मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या कचरापेटीत कधीच टाकू नका.

कोणतं मॉडेल, असं विचाराल तर प्रीमियम. साध्या ओरिजिनलपेक्षा थोडे पैसे जास्त लागतात, पण वरच्या जाळीच्या दोन्ही कडा बिजागरीवर उचलता येतात, त्यामुळे अन्न न हलवता निखाऱ्यांत भर घालता येते, आणि राख बंद डब्यात पडते. वाऱ्याच्या गावात तो डबा हवाच. कोळसा एका बाजूला धरून ठेवणाऱ्या तारेच्या टोपल्या मिळतात, त्या सोयीच्या आहेत, पण दोन विटांनीही तेच काम होतं. जाळी ३६३ चौरस इंचांची आहे, आणि अर्धी रिकामी ठेवल्यावर वीस पाहुण्यांना एका दमात पुरणार नाही. मंडळाच्या पिकनिकला दोन केटल शेजारीशेजारी लावाव्या लागतात: एक कणसांना, एक कोंबडीला.

आणि तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर घेण्याआधी भाडेकरार वाचा. लाकडी बाल्कनीत कोळशाच्या ग्रिलला बहुतेक ठिकाणी मनाई असते. अशा वेळी चिमनी आणि कोळशाची पिशवी गाडीत टाकून जिथे बसवलेल्या ग्रिल असतात अशा उद्यानात जा. तिथल्या जाळीवरही निखारे एका बाजूला ओतता येतातच.